पिवळे मिस्त्री

शेलूबाजारला हायवेच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये एक मिस्त्री होते. त्यांच्या पॅन्टच्या मागच्या खिशात कायम दोन बोटं रुंदीचा ब्रश असायचा, आणि जॅकच्या शेजारी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा. गाडीतलं जे काम पक्कं झालं नाही, नुसती वेळ मारून नेण्यासाठी केलंय, त्यावर ते स्वतःच्या हातानं पिवळा पट्टा ओढत. तारेनं बांधलेला सायलेन्सर, दुसऱ्याच गाडीचा बसवलेला रेडिएटर, रबर कापून केलेलं पॅकिंग, सगळ्यावर पिवळं. बाकीचे मिस्त्री आपलं कच्चं काम ग्रीस फासून झाकतात. हा माणूस ते रंगवून दाखवत होता. जुन्या पिकअपवाल्यांत त्यांना कोणी नावानं ओळखतच नसे, पिवळे मिस्त्री म्हटलं की झालं.

त्यांच्याबद्दल लिहायचा अधिकार खरं तर मला नाही. त्यांच्यापाशी जन्मभराची एकच कमाई होती, लोकांचा त्यांच्या शब्दावरचा भरवसा, आणि ती मी घालवली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं कौतुक वाचून तुम्ही मलाही भला माणूस समजाल.

मी अकरा वर्षं पिकअप चालवली. घेतली तेव्हाच ती दोन मालकांकडून फिरून आलेली होती. पहिल्यांदा शेडवर नेली तेव्हा मी रुबाबात बोनेट उघडलं. मिस्त्रींनी ते बंद केलं आणि मला तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसवलं. "गाडीले तोंड नाही, तं तू बोल," ते म्हणाले. "काय झालं, कवा झालं, तू काय केलं होतं. अन खरं बोल. डाक्टरपाशी अन मिस्त्रीपाशी लाजाचं नाही." प्रत्येक गाडीवाल्याला हा जबाब द्यावा लागे. एकदा एक जण क्लच आपोआप जळाला म्हणून शपथा घेत होता. मिस्त्रींनी अर्धा तास मुकाट ऐकून घेतलं, मग मागच्या बंपरला अडकलेला दोराचा तुकडा सोडवून त्याच्या हातात दिला. बुवानं चिखलात फसलेला ट्रॅक्टर पिकअपनं ओढला होता. "हे घे, तुहा साक्षीदार," म्हणाले आणि कामाला लागले.

गाडीत फेरफार करून घ्यायला त्यांच्याकडे फार लोक येत. बाजूचे फाळके उंच करून घ्यायचे, जाळी बसवायची, जास्त माल पेलावा म्हणून मागं स्प्रिंगचे पाटे वाढवायचे. मीही एक पाटा वाढवून घेतला. मिस्त्रींनी तो बसवला, पण बसवता बसवता तोंडाचा पट्टा सुरूच. "पाटा वाढला म्हनून ब्रेक वाढत नाही, सुभाष. गाडी म्हनते भर, ब्रेक म्हनते मले काहून इचारलं नाही?" मला मोठा हॉर्नही पाहिजे होता. तो मात्र त्यांनी बसवला नाही. असले हॉर्न लावणारे समोरच्याच्या भरवशावर गाडी चालवतात, असं त्यांचं मत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेले खांदे हळदीतुपानं चोळतात. त्या दिवशी मिस्त्रींच्या शेडवर पिकअपची रांग लागे आणि ते एकेका गाडीखाली शिरून पाट्यांना, सांध्यांना ग्रीस भरत. कोणाकडून काही घेत नसत. "बैल गेले तुमच्या घरचे. वाहनारं जनावर तं हेच राह्यलं ना बाप्पा, याचे खांदे कोन शेकीन?" मिस्त्रीणबाई सगळ्यांना चहा देत. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे खीर असे, आणि त्या खिरीला मी अकरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. त्यांच्या घरचं खाल्लं होतं, एवढंच सांगायचं आहे.

आता मुद्द्यावर येतो. येववत नाही, पण येतो.

त्या वर्षी सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता. पोती भरून मी कारंज्याच्या बाजाराला निघालो आणि वाटेत ब्रेकचं पायडल एकदम खाली बसलं. नशिबानं रस्ता सपाट होता. गाडी कशीबशी थांबवून मिस्त्रींना फोन केला. ते मोटारसायकलवर आले, रस्त्यावरच गाडीखाली शिरले. मागच्या डाव्या चाकाला जाणारा ब्रेकचा पाइप चिरला होता. तसा पाइप जवळ नव्हता. त्यांनी त्या चाकाची लाइन तिथंच बंद केली, तेल भरलं, हवा काढली, आणि मग सोबत आणलेल्या डब्यात ब्रश बुडवून त्या जागेवर चांगला वीतभर पिवळा पट्टा ओढला.

"आता तीन चाकाचा ब्रेक हाय," ते हात पुसत म्हणाले. "माल दुसऱ्या गाडीत टाक. रिकामी, हळू घरी ने. जोरात दाबला तं एका अंगाले ओढीन. मंगळवारी ये, पाइप आनून ठेवतो."

मी माल दुसऱ्या गाडीत टाकला नाही. मंगळवारी गेलो नाही. हंगामाचे दिवस, रोज दोन फेऱ्या, गाडी हळू चालवली की काही होत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मिस्त्रींचे दोन फोन आले. "येऊन राह्यलो, येऊन राह्यलो," मी म्हणालो. तिसऱ्यांदा ते मला बाजारात भेटले. "पाइप ठेवेल हाय रे तुहा," एवढंच बोलले. मी हसून पुढं गेलो.

हंगाम संपला आणि मी पिकअप विकायची ठरवली. कारंज्याला शेतीच्या औषधांचं दुकान टाकायचं होतं. विकायच्या आधी गाडी धुतली, आणि खाली वाकलो तर पिवळा पट्टा. पाण्यानं तो जाणार नव्हता. मी थिनरमध्ये चिंधी भिजवली, गाडीखाली उताणा झोपलो आणि घासला. वर थोडी माती चोळली. पाच मिनिटांचं काम होतं. त्या पाच मिनिटांत मी एकदाही थांबलो नाही. आज सांगायचं तर हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खाते.

गाडी घ्यायला रिठदहून गजानन नावाचा तरुण आला. भाजीपाला वाहायचा म्हणाला. घरी म्हातारे आईबाप आणि मोठा भाऊ होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मिस्त्री कोन हाय?" मी सांगितलं. तसा तो गाडीखाली शिरला, मोबाइलचा टॉर्च लावून पुढून मागून बघत राहिला आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. "कुठीच पिवळं नाही. म्हंजे पक्की हाय."

"त्यांच्याच हातची हाय," मी म्हणालो. "काही पाहाचं काम नाही."

पंधरा दिवस गेले असतील. भरल्या गाडीनिशी उतारावर एक म्हैस आडवी आली आणि गजाननानं जोरात ब्रेक दाबला. गाडी एका अंगाला ओढली गेली आणि रस्त्याखाली उलटली. गाडीत तो एकटाच होता. जीव वाचला, पण उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

त्याच्या मोठ्या भावानं उलटलेली गाडी ओढत मिस्त्रींच्याच शेडवर आणली आणि मलाही बोलावून घेतलं. दुपार होती. शेडवर पाचसात गाडीवाले होते, शेजारच्या टपरीवरचेही लोक गोळा झाले. मिस्त्री गाडीखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते सरळ माझ्याकडे न बघता भावाकडे बघून बोलले.

"मागच्या चाकाची लाइन बंद हाय. मीच केली होती. हात माहाच हाय."

"अन गाडी तशीच इकू देली?"

"मी पिवळा लावला होता."

"कुठी हाय? दाखवा ना." भाऊ ओरडला. "तुमचा पिवळा धुतला तं जात नाही म्हनता ना तुमी?"

मिस्त्री हात पुसत राहिले. तेव्हा भाऊ माझ्याकडे वळला. "तुमी पाह्यला होता का पिवळा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मिस्त्रीही बघत होते, आणि मी तुम्हाला सांगतो, त्यांच्या नजरेत राग नव्हता. ते वाट बघत होते. डब्यावर बसवलेल्या गाडीवाल्याकडे बघत तसे, की हा आता खरं बोलेल. माझ्या डोळ्यांपुढं पोलीस आले, कोर्ट आलं, नवं दुकान आलं.

"नाही," मी म्हणालो. "मले त्यातलं काय समजते? मिस्त्रीच्या भरोशावर होती गाडी."

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "ठीक हाय. गाडी ठेवा. मी करून देतो." आणि ती गाडी त्यांनी महिनाभर खपून नव्यासारखी करून दिली, चारही चाकांचे पाइप नवे टाकून. गजाननाच्या भावाकडून एक पैसा घेतला नाही. लोकांनी त्याचाही अर्थ लावला. चूक होती म्हणूनच फुकट केली, म्हणाले.

मग बोलणी सुरू झाली. पिवळे मिस्त्री आपल्या सोयीनं रंग लावतात, म्हातारे झाले, नजर गेली. टपरीवरची बोलणी मिस्त्रीपणावर थांबली नाहीत, पार त्यांच्या जातीपर्यंत गेली. ज्यांच्या गाड्यांचे खांदे त्यांनी शेकले होते तेच बोलत होते. मी तिथं चहा पीत बसलेला असे. एकदाही म्हणालो नाही की गप्प बसा रे. पुढच्या पोळ्याला शेडवर तीन गाड्या आल्या. वर्षभरानं मिस्त्रींनी शेड दुसऱ्याला दिली आणि ते वाशीमला लेकीकडे राहायला गेले.

माझं दुकान बरं चाललं. पण एखादा शेतकरी "हे औषध चांगलं हाय ना भाऊ? तुमच्या भरोशावर नेतो," म्हणाला की मी मान खाली घालून बिल फाडू लागे. शेवटी एका रविवारी मी वाशीमला गेलो. मिस्त्री अंगणात नातीची सायकल उलटी करून चेन बसवत होते. फार वाळले होते. मला बघून त्यांनी लेकीला चहा टाकायला सांगितलं. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. थिनर, चिंधी, वर चोळलेली माती, सगळं. रडलोसुद्धा. लेक चहा घेऊन दारात उभी होती.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "हे मले काहून सांगतं सुभाष? मले तं मालूमच हाय. ज्याले मालूम नाही त्याले जाऊन सांग ना."

"जातो," मी म्हणालो. "या हप्त्यात रिठदले जातो."

"जा," ते म्हणाले, "चहा घेऊन जा." आणि पुन्हा चेनीला लागले.

त्या आठवड्यात दुकानात माल यायचा होता. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याकडे लग्न होतं. मग पेरणी आली, आणि पेरणीत औषधाचं दुकान सोडता येत नाही. एकदा तर मी रिसोडच्या एसटीत बसलो होतो, रिठदचं तिकीटही काढलं होतं. गाव आलं, कंडक्टरनं दोनदा आवाज दिला, आणि मी झोपेचं सोंग घेऊन रिसोडपर्यंत गेलो. असा मी माणूस आहे.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री वारले. वाशीमला लेकीच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मांडवात पांढऱ्या चादरीवर त्यांचा फोटो ठेवला होता. वंदना झाली, दोनचार जण त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. मलाही बोलायला सांगितलं. त्यांचा स्वभाव, त्यांचा हात, खांदशेकणी, असं मी पाच मिनिटं बोललो. माणसं डोळे पुसत होती.

जेवणं झाल्यावर मांडवाच्या दाराशी गजानन भेटला. मी त्याला आत बघितलंच नव्हतं. उजवा पाय ओढत चालत होता. गाडी अजून चालते म्हणाला, मिस्त्रींनी करून दिल्यापासून एकदाही तक्रार नाही. मग त्यानं फोटोकडे बघून हात जोडले.

"चांगला मानूस होता," तो म्हणाला. "जिंदगीत एकच चूक झाली त्याच्या हातून, अन ती माह्या नशिबी आली. आईनं लय शिव्या देल्या त्याले. मी म्हनलं जाऊ दे. मानसाच्या हातून होते चूक. म्हनून आलो आज. माफ केलं म्या त्याले."

मिस्त्रींची लेक दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या बापासारखीच.

"लय मोठं मन हाय तुमचं," मी गजाननाला म्हणालो.