घोरण्याची नक्कल

आज ह्यांच्या मशीनची नळी आणि मास्क धुऊन दोरीवर टॉवेलशेजारी वाळत घातले. झोपेत ह्यांचा श्वास अडकतो, म्हणून गेल्या महिन्यात हे मशीन घरात आलं.

ह्यांच्या घोरण्याची नक्कल ही माझी खासियत. केळवण असो की डोहाळजेवण, जेवणं उरकली की नणंद म्हणणारच, "वहिनी, दादाचं घोरणं होऊन जाऊ दे!" मग मी चढत्या आवाजात घुर्र घुर्र करत जायची आणि मध्येच गप्प व्हायची. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. खरा हशा त्या गप्प होण्यालाच मिळायचा. हेही हसायचे. दिवसा हे ताटावर पेंगायचे, स्कूटरवर सिग्नलला डुलकी काढायचे, तेव्हा मी त्यांना सरळ आळशी म्हणायची.

मशीन घेण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "घोरता घोरता श्वास थांबतो का?"

"मला झोपेत काय कळणार? हिला विचारा, ही हुबेहूब करून दाखवते," हे कौतुकानं म्हणाले.

मी करून दाखवलं. डॉक्टर हसले नाहीत.

आत्ता पेपर छातीवर घेऊन ह्यांचा खुर्चीतच डोळा लागलाय. मास्क अजून ओलाच आहे. घोरणं चढत गेलं आणि मध्येच थांबलं. कपड्यांचा चिमटा हातात धरून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

याच जागी सगळे हसायचे.