फळ्याची वरची पट्टी

गणपत शिंपी गेल्याची बातमी मला त्याच्याच फळ्यापाशी कळली, आणि तीही फळा बदलला नव्हता म्हणून. महाल भागातल्या आमच्या विणकरांच्या मोहल्ल्याची बातमी रोज सकाळी सहाला त्याच्या दुकानाबाहेरच्या त्या फळ्यावर लागलेली असे. त्या दिवशी सात वाजून गेले तरी आदल्या दिवशीचंच ‘रॉकेल उद्या मिळेल’ तसंच होतं. पायरीवर शेजारच्या म्हाताऱ्या काशीबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. “गेले जी गणपतराव,” त्या म्हणाल्या. “चहा मागतला, अन् कप हातात घेतलाच नाही.” मग पदराने डोळे पुसून त्यांनी विचारलं, “आता फळा कोन लिहिन, मास्तर?” खोटं कशाला लिहू... माझ्या मनात पहिला शब्द उमटला तो ‘मी’. दुःख त्याच्या मागून आलं.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या वाचकांना मृत माणसाचे गुण ऐकायची सवय असते. गणपतचे गुण मी सांगेनच, पण ते मला तीस वर्षं कसे सलत होते हे सांगितल्याशिवाय ते खरे वाटणार नाहीत. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. चौथीनंतर तो बापाच्या मशीनवर बसला आणि मी शिकून मास्तर झालो. एका मोडक्या कपाटाचं दार काळं रंगवून त्याने दुकानाबाहेर टांगलं आणि कापडावर खुणा करायच्या खडूने त्यावर लिहायला लागला. कोणाकडे मुलगी झाली, कोणाची शेळी हरवली, कुठल्या विहिरीचा गाळ काढणार... असलं काहीबाही. अक्षर असं की कोंबडीने पाय फिरवावेत. मी तेव्हा आमच्या मोहल्ल्याचा इतिहास लिहीत होतो. मोडी कागद वाचून डोळे गेले, भोसल्यांच्या काळापासूनची घराणी जुळवली आणि दहा वर्षांनी छोटंसं पुस्तक काढलं. ते प्रत्येक घरी फुकट पोचवलं. लोकांनी ते देवघरातल्या पोथीसारखं कापडात बांधून ठेवलं, आणि फळा मात्र रोज वाचला. माझी बायकोसुद्धा मी बाहेरून आलो की विचारायची, “फळा पाहिला का हो?” माझ्या टेबलावर काय चाललंय हे तिने एकदाही विचारलं नाही. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही. तान्ह्या पोळ्याला मारबतीचा पुतळा मिरवत निघे, लोक ‘ईडा पीडा घेऊन जा’ म्हणून ओरडत, तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या पोटातली ही पीडा तिच्या हवाली करीत असे. दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे गर्दी दिसली की ती परत आलेली असे.

एकदा वाचनालयात माझं व्याख्यान होतं, विषय ‘आपला मोहल्ला : काल आणि आज’. मी गणपतला सांगितलं, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही. त्याने लिहिलं, पण खाली. वर होतं, ‘पिंपळाजवळच्या विहिरीत मांजर पडलं, आज पाणी भरू नये.’ मी संतापून त्याला विचारलं, “माझं व्याख्यान मांजराच्या खाली?” तो सुईत दोरा ओवत म्हणाला, “मांजर आत्ता पडलं गा, मास्तर. तुया इतिहास त शंभर वर्सांचा आहे, चार ओळी खाली गेला त काय बिघडते?” व्याख्यानाला पाच माणसं आली. त्यातला एक गणपत होता, मांडीवर कोणाचा तरी सदरा घेऊन काजं करीत बसला होता. बाहेर पडताना हळूच म्हणाला, “ती विहीर सरदारानं नाही गा खोदली. कोष्ट्यायनं खोदली. काशीबाईले विचार, तिच्या सासऱ्यानं माती उचलली होती.” मी काशीबाईंना विचारलं नाही. पुस्तकात विहीर अजून सरदाराचीच आहे.

फळ्याची एक रीत होती. वरची चार बोटं रुंदीची जागा त्याने कात्रीच्या टोकाने रेघ ओढून वेगळी केली होती. ती जागा फक्त वेळेची. मोहल्ल्यात कोणी गेलं की त्या पट्टीत आधी निघायची वेळ लिहायची, मग खाली नाव. पट्टीत वेळ नसेल, तर समजायचं की बाहेरगावचं कोणी यायचं आहे, मयत थांबवली आहे. मग लोक आपापल्या कामाला जात आणि येता-जाता पट्टीवर नजर टाकत. वेळ दिसली की माग थांबत, दुकानं अर्धी बंद होत आणि सगळा मोहल्ला खांद्याला येई. ही रीत माझ्या पुस्तकात नाही. ती इतिहासात बसते असं मला कधी वाटलंच नाही.

त्या सकाळी गणपतच्या भावाने मला सांगितलं, अकराला निघायचं. मी मान हलवली, खडू घेतला आणि फळा स्वच्छ पुसला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो फळा माझ्यापुढे होता, आणि मी लिहीत सुटलो. वरच्या पट्टीत वळणदार अक्षरात संस्कृत वचन घातलं. खाली त्याचा जन्म, त्याचं कूळ, मोहल्ल्याची त्याने केलेली सेवा... शेवटची ओळ चौकटीला टेकली तेव्हाच थांबलो. लोक येत होते, वाचत होते. विणकर रामाजी म्हणाला, “काय लिहिलं जी मास्तर, डोयात पानी आलं.” त्या शब्दांनी मला बरं वाटलं. मग तो मागावर गेला, बाकीचेही गेले, आणि ते का जात आहेत हे माझ्या ध्यानात आलं नाही.

गणपतचं घर मागच्या गल्लीत, आणि तिथून नदीचा रस्ता दुकानाकडे न येता परस्पर जातो. अकराला तिरडी उचलली तेव्हा आम्ही नऊ जण होतो. मला वाटलं, लोक वाटेत सामील होतील. कोणी झालं नाही. खांदा बदलायला माणूस नव्हता म्हणून तीनदा तिरडी खाली टेकवावी लागली. त्याचा भाऊ एकदाच म्हणाला, “मोहल्ला कुठं गेला, मास्तर?” तोवर मला कळलं होतं; मी तिरडीचा बांबू पुन्हा खांद्यावर घेतला.

घाटावरून परतलो तो फळ्यापुढे मोहल्ला वेळेची वाट पाहत उभा. धुतलेली धोतरं, हातात हार, बायका कडेला. रामाजी पुढे आला. “गणपतरावच्या पारशिवनीच्या लेकीची वाट पाहून राहिले ना जी? किती वाजता काढता?” मग त्याची नजर माझ्या ओल्या धोतरावर गेली आणि त्याने हातातला हार खाली केला. काशीबाई फळ्याकडे पाहत म्हणाल्या, “सारं लिहिलं बाप्पा. येळ काहून नाही लिहिली?” लोकांनी ते हार फळ्याला घातले आणि घरी गेले.

माझा मजकूर कितीतरी दिवस तसाच होता, पुसायला कोणी धजेना. परवा नळाचं पाणी दुपारी चारला येणार असं कळलं तेव्हा मीच फडकं घेतलं. संस्कृत वचन पुसलं तशी कात्रीची रेघ वर आली. तिच्या वर मी ‘चार वाजता’ लिहिलं, खाली ‘नळ येईल’. एक बाई घागर घेऊन आली, वाचलं आणि लगबगीने परत गेली. मी खडू हातात धरून तिथेच उभा होतो, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. गणपतला तीस वर्षं एवढं पुरलं. मला अजून पुरत नाही.