गुरुवारची सही

त्या मस्टरमधली एक सही अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोकांना पांढऱ्या मिशा आणि आरामखुर्ची दिसते. माझ्याकडे दोन्ही नाही. एका बंदोबस्तात लोखंडी कठडा पायावर कोसळला, वैद्यकीय मंडळाने मला सेवेसाठी अपात्र ठरवलं आणि चौतिसाव्या वर्षी मी निवृत्त झाले. आता कर्मचाऱ्यांच्या हक्कांची पत्रकं लिहिते, गेटवर उभी राहून वाटते. त्या कामाची सुरुवात कुठं झाली ते सांगायचं तर ही चौकशी सांगावी लागेल. नावं कुणाचीच घेणार नाही. घेण्यासारखी होती ती माणसं, तरी नाही.

मी तेव्हा सोलापुरात एका ठाण्यात फौजदार होते. निकालाचे दिवस होते. सकाळी ठाणे अंमलदारांनी आलेलं टपाल फोडलं, त्यात एक निनावी पत्र निघालं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातला एक शिपाई चार महिने गायब आहे, मस्टरवर त्याच्या सह्या मात्र रोज होतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कुठं जातात ते बघा. एवढंच. निनावी पत्राला एरवी आमच्याकडे फारशी किंमत नसते. पण ‘उत्तरपत्रिका’ हा शब्द वाचून आमचे पीआय साहेब चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “अर्ज चौकशी तू कर. आणि गाजावाजा नको.”

परीक्षा विभागात गेले. बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र भिंतीवर होतं, पण बंद. म्हणून जुनं कागदी मस्टर चालू होतं. शिपायाला सगळे मामा म्हणत. मामांच्या ओळीत चार महिन्यांच्या सह्या, एकही दिवस रिकामा नाही. मामा कुठं आहेत विचारलं, तर कुणी म्हणालं बँकेत, कुणी म्हणालं कुलसचिवांकडे, आणि एकाने तर सांगितलं, आत्ताच इथं होते की. विभागाच्या अधीक्षक बाई काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या. निवृत्तीला वर्ष उरलेलं, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि असा आवाज की माझ्यासारखीलाही आपला गणवेश नीट आहे ना ते बघावंसं वाटावं. “माझ्या विभागात असं होणं शक्य नाही,” त्या म्हणाल्या आणि फाइलमध्ये डोकं घातलं.

आधी गठ्ठे मोजून घेतले. नोंदवहीशी जुळले, एक कमी नाही. म्हणजे पत्रातला मोठा आरोप पहिल्याच दिवशी खोटा ठरला. सह्यांचा मात्र खरा होता.

विभागात बाईंशिवाय चार माणसं. थोरले क्लार्क, एक टायपिस्ट आणि दोन शिपाई, चौघंही संघटनेचे सभासद. एकेकाला ठाण्यात बोलावलं. चौकशीचा माझा अनुभव असा की पहिल्या दहा मिनिटांत माणूस दुसऱ्याचं नाव घेतो. ते नाव बरोबर असतंच असं नाही, पण घेतो. इथं उलटंच झालं. थोरले क्लार्क खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, मीच केल्या की सह्या. सगळ्या.” टायपिस्ट विणकर वस्तीतली, घरात तेलुगू बोलणारी. ती म्हणाली, त्यांना कुठं येतंय सही मारायला, मी केल्या. दोन्ही शिपायांनीही आपापल्या जबाबात सगळ्या सह्या स्वतःच्या नावावर घेतल्या. त्यातला धाकटा वरून आणखी म्हणाला, “आमच्या क्लार्कचं ऐकू नका मॅडम, ते भोळे हायत.”

एका गुन्ह्याचे चार कबूल आरोपी. जबाब वाचून पीआय साहेब हसले. मला हसू आलं नाही, मला राग आला. आपल्याला येडं बनवतायत असं वाटलं. तशीच जीप काढून मैंदर्गीला गेले, कारण मामांचं गाव ते.

मामा बाजेवर सपाट पडलेले. पाठीच्या मणक्याला टीबी. डॉक्टरांनी उठायला बंदी केलेली, औषधं चालू. माणूस उंचापुरा, पण कूस बदलायची तर बायकोने धरावं लागे. ती मराठीत दोन शब्द बोलायची आणि तिसऱ्याला कानडीत शिरायची. मी जबाब लिहायला वही उघडली तर तिने समोर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. “ऊट माड्री,” म्हणाली, आणि मी जेवल्याशिवाय नवऱ्याने तोंड उघडायचं नाही असा तिचा कायदा दिसला. जेवले.

मस्टरवर तुमच्या सह्या कोण करतं, विचारलं. मामांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला ते पटलं. खोटं बोलणारा माणूस आधी डोळे चुकवतो. हे छताकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानामागे उतरलं.

“मी अर्ज दिलता की मॅडम. बिनपगारी रजा द्या म्हणलं. पगार नगं, नोकरी तेवढी राहू द्या. बाई म्हणाल्या, बिनपगारी घेतली तर नोकरी तुटंल, पेन्शन जाईल, अर्ज घेऊन जा, बघते काय करायचं ते.” मग म्हणाले, “पगार येतोय खात्यात. मी हिला म्हणलं, हात लावू नगं, हापिसाची चूक झाली आसंल.”

बायकोने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत अर्ज, तारीख घातलेला, सोबत सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र. कागद नीट घडी घातलेले. पगार नको म्हणणाऱ्या माणसाला पगार मिळत होता आणि मागितलेली रजा मिळत नव्हती. निघताना त्यांनी एकच विचारलं.

“माझी नोकरी जाईल का?”

मी म्हणाले, बघते. बाईही तेच म्हणाल्या होत्या, हे जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं. बिनपगारी रजेने नोकरी तुटते असंच मीही ऐकत आले होते. फौजदार होते, पण स्वतःच्या रजेचे नियम कधी उघडून पाहिले नव्हते.

ठाण्यात मस्टरच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि चौघांकडून नमुना सह्या घेतल्या. टेबलावर पसरून बघत बसले. सगळ्या सह्या एकसारख्या नव्हत्या, पण वाटेल तशा वेगळ्याही नव्हत्या. शेवटी कात्रीने वारांनुसार पट्ट्या कापल्या. सोमवार सोमवारांखाली, मंगळवार मंगळवारांखाली. मग उलगडलं. यांनी वार लावून घेतले होते. मंदिरातल्या पूजेची पाळी लावावी तसे. सोमवार थोरल्या क्लार्कचा, मंगळवार टायपिस्टचा, बुधवार आणि शुक्रवार दोन शिपायांचे. आठवडा पाच दिवसांचा. चौघांचे चार वार जुळले. गुरुवार कुणाशीच जुळेना. ती सही मामांच्या सहीपेक्षाही वळणदार होती.

आणि मग दुसरी गोष्ट दिसली. त्या चार महिन्यांत संघटनेचा एक दिवसाचा संप झाला होता. त्या दिवशी चौघांच्याही रकान्यात लाल शाईने ‘संप’ असा शेरा. मामांच्या रकान्यात मात्र सही. संघटनेच्या सचिवांना बोलावून दाखवलं, तर त्यांना धक्का बसला. म्हणाले, “मामा फुटले? मॅडम, हा माणूस संघटनेची पावती छापली तेव्हापासून सभासद हाय.” बिचारे मामा मैंदर्गीत बाजेवर पडून संपफोडे ठरले होते.

संपाचा वार गुरुवार. चौघं दिवसभर गेटवर लिंबाखाली बसलेले, त्याचे फोटो सचिवांकडेच होते. मग विभागात आत कोण होतं? संघटनेत नसलेलं एकच माणूस.

संपात सही करायची नसते हे सभासदाच्या हाडात असतं. मामांच्या वतीने सही करणाऱ्या चौघांनीही तो दिवस रिकामा सोडला असता. ज्याने आयुष्यात संप केला नाही, तोच त्या दिवशी न विसरता आपली पाळी पार पाडणार.

थोरल्या क्लार्कना परत बोलावलं. फोन नंबर सांगताना त्यांनी खिशातून संघटनेची डायरी काढली, दर जानेवारीत सभासदांना मिळते ती. मी हात पुढे केला. त्यांनी दिली, पण मी पानं उलटायला लागले तसे त्यांचे कान लाल झाले. एका पानावर वार लिहिलेले, समोर नावांची अक्षरं. गुरुवारासमोर अक्षर नाही, नुसतं एक गोल टिंब, कपाळावरच्या कुंकवासारखं. हे कोण, विचारलं. सगळे गुन्हे आनंदाने अंगावर घेणारा तो माणूस पहिल्यांदा गप्प झाला. मी डायरी ताब्यात घेतली. तशी नोंद स्टेशन डायरीत केली.

संघटनेची ती डायरी चाळता चाळता मागच्या पानांवर आले. बारीक अक्षरात रजेचे नियम. वाचत गेले आणि एका जागी थांबले. वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असाधारण रजा, म्हणजे आपली बिनपगारी रजा, मंजूर झाली की सेवा खंडित होत नाही. तीनदा वाचलं. चार माणसं चार महिने गुन्हा करत होती आणि ज्याने गुन्ह्याची गरजच उरली नसती तो नियम त्यांच्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना बोलावणार, त्याआधीच त्या ठाण्यात हजर. रिक्षाने आलेल्या, हातात पर्स आणि पाण्याची बाटली. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

“त्या चौघांना सोडा,” म्हणाल्या. “गुरुवार माझा.”

जबाब त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. अर्ज आपण परत केला, बिनपगारी रजेने नोकरी तुटते असं आपल्याला आपल्या साहेबांनी सांगितलं होतं, तेच आपण पुढं सांगत आलो. सह्यांची कल्पनाही आपलीच. चौघांनी आपापले वार आपणहून मागून घेतले होते. मी डायरीचं मागचं पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत वाचलं.

“हे त्यांच्या खिशात होतं?”

“जानेवारीपासून.”

“आणि माझ्या कपाटात नियमांचं अख्खं पुस्तक आहे,” त्या हळू म्हणाल्या. “मी त्याचा अर्ज परत केला हो.” मग ठाण्यात उभ्या उभ्याच, समोर नसलेल्या चौघांना उद्देशून इतकं बोलल्या की हवालदार आत डोकावला. डायरी काय नातवंडांच्या लसीच्या तारखा लिहायला देतात का, हा त्यातला सौम्य भाग.

अहवाल मी सरळ लिहिला. उत्तरपत्रिकांबाबतचा आरोप निराधार, पत्र लिहिणाऱ्याचा शोध लागला नाही. सह्या बनावट, कुणी कुठल्या वारी केल्या ते नमूद, कबुलीजबाब सोबत. आणि मामांचा मूळ अर्ज आणि प्रमाणपत्र, मूळ तारखेसह. पीआय साहेबांनी वाचून विचारलं, यात गुन्हा दाखल होऊ शकतो, तुझं म्हणणं काय? मी म्हणाले, साहेब, होऊ शकतो. पण ज्याने नियम कुणाला समजेल अशा भाषेत कधी सांगितलाच नाही त्याच्यावर कुठलं कलम लावायचं? त्यांनी अहवालावर सही करून तो विद्यापीठाला पाठवला. विद्यापीठाने विभागीय चौकशी पुरेशी मानली. चौघांना लेखी ताकीद मिळाली. बाईंची वेतनवाढ रोखली, त्यांनी एका शब्दाने वाद न घालता आदेश घेतला. मामांचा हात न लावलेला पगार परत गेला आणि त्यांची बिनपगारी रजा अर्जाच्या तारखेपासून मंजूर झाली. सेवा अखंड.

मामा कंबरेला पट्टा बांधून कामावर रुजू झाले त्या दिवशी मला फोन आला, या म्हणून. मी गेले, साध्या कपड्यात. मस्टर टेबलावर. चौघं भोवती उभे. बाई केबिनमधून बाहेर आल्या. मामांनी पेन धरलं, सही केली, ती वाकडी झाली. बाईंनी वाकून बघितलं.

“जरा नीट कर,” म्हणाल्या. “माझी बरी येत होती.”

मामा हसले तेव्हा पट्ट्याखाली दुखलं असावं, कारण त्यांनी टेबल धरलं. तरी हसत राहिले.

या चौकशीने मला काय दिलं? माणसं वाईट असतात म्हणून गुन्हा होतो असं पोलिसात शिकवावं लागत नाही, ते आपोआप अंगात भिनतं. इथं पाच चांगली माणसं एकमेकांच्या मायेपोटी गुन्हेगार झाली, कारण हक्काची गोष्ट त्यांना मेहरबानी वाटत होती. आजारपणाची रजा ही कुणाची मेहरबानी नाही. आणि बारीक अक्षरात छापलेला नियम हा सांगितलेला नियम नव्हे. हे मी आता प्रत्येक पत्रकावर लिहिते, मोठ्या अक्षरात.

माझा पाय गेला तेव्हा कार्यालयातल्या लिपिकाने मला सांगितलं, मॅडम, बिनपगारी जाऊ नका, सेवा तुटेल. मी अर्ज परत घेतला नाही. आवक क्रमांक टाकून घेतला आणि पोच घेऊनच उठले.

स्वतः निवृत्त झाल्यावर बाईंनी मला फोन केला आणि नुसतं बसवत नाही म्हणाल्या. आता संघटनेच्या कार्यालयात आमचं एक टेबल असतं. आजारी माणसं, त्यांची बायकामुलं येतात, बाई नियम वाचून समजावतात, मी अर्ज लिहून देते. आठवड्यातून एकच दिवस बसतो. कुठल्या वारी बसायचं, विचारल्यावर बाई क्षणभरही थांबल्या नव्हत्या.

गुरुवार.