सैतानाची बाजू घेणारे सर

सर इंग्रजी शिकवू लागले की त्यांचे उच्चार इस्त्री केलेल्या शर्टासारखे कडक असत. पण धड्यात सैतान आला रे आला की ते थेट वऱ्हाडीत उतरत. "सैतान वाईट आहे हे कोणीही सांगते. तो काहून बिघडला, ते सांगा." 'का'ला ते 'काहून' म्हणत, म्हणून आम्ही त्यांना काहून सर म्हणायचो. सत्तरच्या आसपासचं नागपूर, एम. ए.चा वर्ग, अभ्यासाला एक जुनं इंग्रजी महाकाव्य आणि देवाविरुद्ध बंड करणाऱ्याची बाजू मांडताना घामाघूम झालेले आमचे सर.

मनोविश्लेषणाचं त्यांना वेडच होतं. 'नेणीव' हा शब्द ते घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेत. त्यांचं म्हणणं साधं होतं. देव म्हणजे बाप. तो भर दरबारात लाडक्या लेकाला उजवीकडे बसवतो आणि बाकीच्यांना मान तुकवायला सांगतो. "हा द्वेष नाही बाबांनो, हे रुसणं आहे. बापानं एक हाक मारली असती तर हा नरकातून धावत आला असता." मागच्या बाकावरचे टवाळ म्हणत, सैतान सरांचा मावसभाऊ लागतो. एकदा ते सरांच्या कानावर गेलं. "मावस नाही, सख्खा," म्हणाले आणि पुढे शिकवू लागले.

ती थट्टा नव्हती, हे मला उशिरा कळलं. नरखेडकडे त्यांच्या घरची संत्र्याची बाग होती. थोरल्यानं ती सांभाळावी असं वडिलांच्या मनात होतं आणि थोरला पुस्तकं उचलून नागपूरला आला. वडिलांनी बोलणं टाकलं, बाग धाकट्याच्या नावे केली. तेव्हापासून सरांनी गावाचं नाव काढलं नव्हतं.

वडील गेल्याची तार आली तेव्हाही ते गेले नाहीत. "जितेपणी बोलावलं नाही, आता काहून जाऊ?" पण दहाव्याच्या दिवशी सकाळीच माझ्या खोलीवर आले. "चाल गा माझ्यासंगं. एकट्यानं जायची हिंमत होऊन नाही राहिली." आम्ही एसटीनं गेलो.

नदीकाठी पिंड मांडला होता आणि कावळा बाभळीवर बसून होता. खाली काही येईना. ऊन चढलं. एक म्हातारे काका धाकट्याला म्हणाले, "कबूल कर गा काही. जीव अडकून राहिला त्याचा." धाकट्यानं हात जोडले. आईले अंतर देणार नाही म्हणाला. बाग विकणार नाही म्हणाला. कावळा हलेना. सर लांब, हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्याकडे बघत धाकटा रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाबा, दादाले घरी घेऊन येतो." कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली.

लोक अंघोळीला वळले. सर तिथेच वाळूत बसले. त्यांचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता, पण त्या दिवशी तो अविश्वास त्यांच्या काही कामी आला नाही. परतीच्या एसटीत म्हणाले, "कावळ्याले भूक लागली असन." तिकिटाची घडी घालत पुन्हा म्हणाले, "एवढी वर्षं पोराचंच मन तपासलं गा मी. बापाले मन असते, हे ध्यानातच नाही आलं."

त्यानंतर त्यांनी ते महाकाव्य दुसऱ्याला शिकवायला दिलं आणि स्वतः निबंधलेखन घेतलं. वर्गात ते नीट शिकवत, पण 'काहून' पुन्हा ऐकू आलं नाही. मला फार वाईट वाटायचं. सैतान गेला तो आमच्या सरांना घेऊनच गेला.

एम. ए. झाल्यावरही मी सरांकडे जात असे. धाकटा भाऊ शब्द पाळायला दरवर्षी संत्र्याच्या बहाराच्या वेळी त्यांना न्यायला यायचा. सर त्याला जेवू घालत, येतो म्हणत आणि स्टँडवर सोडून एकटेच परत येत. एकदा न राहवून मी विचारलं, आता जायला काय हरकत आहे?

सर म्हणाले, "ज्याच्यावर रुसलो होतो, तोच नाही ना गा तिथं."