घंगाळातले न्यूट

न्यूट हा प्राणी सोलापुरात सापडत नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तो मला सापडला होता!

तेव्हा मी इथल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. शास्त्राचे मास्तर आजारी पडले आणि हेडमास्तरांनी त्यांचे तास माझ्या गळ्यात मारले. (इंग्रजी येतं त्याला सगळंच येतं, असा त्या काळी समज होता. माझाही होता.) शाळेच्या कपाटात विलायतेतल्या तळ्यांवरचं एक सचित्र पुस्तक मिळालं. न्यूट म्हणजे पालीच्या अंगलटीचा, पाण्यात राहणारा जीव, हे मला त्यातच कळलं. त्याची पिल्लं कशी ओळखावीत यावर अख्खं प्रकरण होतं. मी ते शाळेतच बसून पुन्हा पुन्हा वाचलं, कारण घरी जायचं माझ्या जिवावर यायचं.

घरी आमची चिमी नव्हती. वैशाखात गोवर आला आणि दीड वर्षाची पोर घेऊन गेला. तेव्हापासून माझी बायको गौरव्वा कामापुरतंही बोलत नव्हती आणि मीही खाली मान घालून चार घास गिळायचो नि उठायचो. घरात तिसरं माणूस नाही. घर नुसतं खायला उठायचं.

श्रावणात शाळेमागच्या दगडाच्या खाणीत पाणी साचलं होतं. त्यात काळी, लांब शेपटीची पिल्लं वळवळताना दिसली. पाणी! शेपूट! पुस्तकात दोन्ही होतं. मी ती टोपीत भरली, पुस्तक काखेत मारलं आणि धोतर भिजवत घरी धावत आणली. दारातूनच ओरडलो, "गौरा, न्यूट!"

तिनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेली आणि चिमीला न्हाऊ घालायचं छोटं घंगाळ घेऊन आली. मला भडभडून आलं. ते लपवायला मी घाईघाईनं व्याख्यान सुरू केलं. बेडकाची शेपूट झडते आणि तो उड्या मारत चालता होतो; न्यूटाचं तसं नाही, त्याची शेपूट कायमची.

"म्हंजे ही हितंच राहतील?" तिनं विचारलं. चिमी गेल्यावर तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"जन्मभर," मी म्हणालो. पुस्तकावर हात ठेवून म्हणालो.

मग घर जरा हललं. ती पाणी बदलायची, भाताची शितं कुस्करून टाकायची. मी ताटावर बसलो की आज पुस्तक काय म्हणतंय ते विचारायची, की माझी गाडी सुटायची. शेजारपाजारचे बघायला येत, त्यांनाही मी ऐकवल्याशिवाय सोडत नसे.

आणि पिल्लांना पाय फुटले. मागचे! न्यूटाला आधी पुढचे फुटतात, असं पुस्तकात स्वच्छ छापलं होतं. मी घाबरलो. खूप विचार केल्यावर ध्यानात आलं की पुढचं कोणतं नि मागचं कोणतं, हे बघणारा कुठं बसलाय त्यावर असतं. मी घंगाळाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.

तेवढ्यात मैंदर्गीहून सासूबाई लेकीला भेटायला आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं कानडी 'बर्री', म्हणजे 'या', एवढ्याच्या पुढं सरकलेलं नव्हतं. त्यांनी घंगाळात डोकावलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कप्पे."

मला एकदम पटलं. पिल्लं वाढत होती, दाटी होत होती, कप्पे हवेतच! मी जोरात मान हलवली, "बरोबर, कप्पे!" त्यांनीही हलवली. सासू-जावयाचं इतकं एकमत आमच्या लग्नातही झालं नव्हतं. गौरानं आईला हळूच कानडीत काहीतरी सांगितलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. (कप्प्यांत रडण्यासारखं काय आहे, ते मला समजेना.) मी तडक पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडं गेलो आणि घंगाळात बसतील असे कप्पे करून आणले. कशासाठी म्हणून त्यांनी विचारलं, तर मी रुबाबात सांगितलं, न्यूट ठेवायला. त्यांना तो विलायती मसाला वाटला असावा.

आठवड्याभरात शेपट्या आखडायला लागल्या. मी त्याला सोलापूरच्या पाण्याचा गुण म्हटलं. मग एके दिवशी शाळेतून आलो तर सगळे कप्पे रिकामे. एकच न्यूट मोरीच्या तोंडाशी बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, टुणकन उडी मारली आणि मोरीतून बाहेर!

मी मोरीत पालथा पडलो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. जन्मभर म्हणालो होतो. आता हिला काय सांगू? हाताला नुसता गाळ लागला आणि मला रडू फुटलं. चिमीला पोचवून आलो तेव्हाही मी रडलो नव्हतो. तिथं मोरीत, कोटासकट, हुंदके देऊन रडलो.

गौरा शेजारी येऊन बसली. "उटा वो. कप्पे म्हंजे बेडूक. आमच्या कानडीत बेडकाला कप्पेच म्हन्त्यात."

"तुला ठाऊक होतं?"

"तळ्याकाटी वाडले की मी. पैल्या दिवशीच वळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलत हुता की," ती म्हणाली. "पोर गेल्यापासनं ताटावरनं मान वर करत न्हवता. ह्येंच्यापायी दोन भाकरी जास्त जात हुत्या. आईला बी त्येच सांगितलं." आणि मग तीही रडली.

मला वाटत होतं, हिला माणसात आणावं म्हणून मी न्यूट पाळलेत. पण त्या पावसाळ्यात आमच्या घरी जपून पाळलेला प्राणी एकच होता, आणि तो तिनं पाळला होता. त्याला शेपूट तेवढी नव्हती, बाकी गाढवच.