पेटीबाईंचा बुधवार

पेटीबाई गीत मध्येच थांबवत. चालू ओळीवर भाता सोडायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. गाणाऱ्यांचे आवाज अर्ध्या ओळीत लटकत राहायचे आणि मग एकेक करून विरायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका नाताळात. देवळाच्या रोषणाईचा खर्च एका दागिन्यांच्या दुकानदारानं दिला होता, आणि त्याच्या दुकानाचा फ्लेक्स क्रुसाच्या अगदी खाली लागला होता. दुसरं कडवं सुरू झालं आणि पेटी थांबली. पाळकसाहेबांनी वळून पाहिलं. बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "फ्लेक्स काडा, मग म्हणू." दोघा तरुणांनी स्टूल आणून तो उतरवला. बाईंनी त्याच कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

त्या मूळच्या नेसरीकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा तान्ह्या मुलीला घेऊन कोल्हापुरात आल्या, शाळेत गाणं शिकवू लागल्या आणि रविवारी देवळात पेटी वाजवू लागल्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण पेटी सुटली नाही. लहानथोर सगळे त्यांना पेटीबाईच म्हणत. बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. 'मी आलो', 'मी गेलतो' असंच म्हणायच्या. लग्न असो की मयत, वाजवण्याबद्दल कुणी पाकीट पुढं केलं की दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. त्यांचं एक वाक्य आमच्या मंडळीत म्हणीसारखं झालं होतं: "हितं भाव लागतोय पावणं, भाव लावायचा नसतोय."

कोल्हापुरातल्या बावड्यात त्यांचं घर आमच्या घरापासून दोन दारं सोडून. मला गायला त्यांनीच शिकवलं. त्यांची मुलगी शुभा माझ्याच वयाची. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून सूर धरायचो. मी जरा खाली घसरले की शुभा कोपरानं ढोसायची. पुढं ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. कंपनीच्या बसमधून उतरली की आमच्या दारात थांबून दिवसभराचं सांगितल्याशिवाय घरी जायची नाही. तिचं लग्न ठरत होतं, त्याच वर्षी तिच्या रक्तात आजार निघाला.

उपचार झाले. केस गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. शेवटी डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, तिला आवडेल ते करून घाला. त्याच दिवसांत कागल रोडला एका मोकळ्या मैदानावर मोठा मंडप पडला होता. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. ते डोक्यावर हात ठेवतात आणि माणसं चालायला लागतात, असं जो तो सांगत होता. शुभा म्हणाली, एकदा जाऊन येऊ. बाईंना तसल्या सभा आवडत नव्हत्या, पण त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. मला म्हणाल्या, तू दुसऱ्या बाजूनं धर, म्हणजे तिला चालवंल.

मंडपाच्या तोंडालाच टेबलं मांडलेली होती. त्यावर तेलाच्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांवर प्रचारकांचा हसरा फोटो होता. बाटली विकत घेतली की हाताला पिवळी पट्टी बांधत. पिवळ्या पट्टीवाल्यांना पुढच्या खुर्च्या. बाकीची माणसं मागं दोरीपलीकडं उभी होती, काही खाली जमिनीवर आडवी केलेली होती. एका स्वयंसेवकानं शुभाकडं पाहिलं आणि अगदी मायेनं सांगितलं, मावशी, हिला उभं ठेवू नका, तेल घ्या आणि पुढं बसवा. बाईंनी विचारलं, तेल न घेता नुसती प्रार्थना करतील का. तो म्हणाला, "करतील की. पण आधी तेलवाले. वेळ उरला तर मागचे."

स्पीकरवर तेव्हा एक जुनं गीत चाललं होतं, बाईंनी आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. बाईंनी पर्स उघडली. पैसे होते, मला दिसले. हात आत तसाच राहिला. त्यांनी एकदा शुभाकडं पाहिलं, एकदा दोरीपलीकडच्या माणसांकडं. तिथं एक बाई पोराला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. मग पर्स बंद झाली. "चल शुभा," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिला तशीच धरून रिक्षापर्यंत आणली.

रिक्षा उचगावपर्यंत आली. मग शुभानं डोकं आईच्या खांद्यावर टेकलं आणि विचारलं, "आई, एक बाटली घेतली असतीस तर काय झालं असतं गं?"

रागानं विचारलं असतं तर सोसलं असतं. ती साधं विचारत होती, लहानपणी सुराबद्दल विचारायची तसं. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात शुभा गेली. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी ढोलाचा सराव बंद ठेवला होता, त्यामुळं घर फारच शांत होतं.

लोक कुजबुजले. काहींनी तोंडावर विचारलं, घ्यायची होती की एक बाटली, काय जात होतं. पुढच्याच रविवारी बाई देवळात आल्या, पेटी उघडली, पण वाजवणं बदललं होतं. दोन गीतांच्या मध्ये, पाळकसाहेब वचन वाचत असताना, प्रार्थनेतसुद्धा त्या एक सूर धरून ठेवायच्या. भाता थांबू द्यायच्या नाहीत. कुणीतरी मला सांगितलं की बाईंना जरा विचार, ऐकायला त्रास होतो. मी घरी जाऊन विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"मदी शांत झालं की ती इचारतीया," त्या म्हणाल्या. "तेच. रिक्षातलं. म्हणून मी जागाच सोडत न्हाय."

वर्षभरानं देवळाचं छप्पर गळायला लागलं. मंडळीची सभा बसली. कारभार बघणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सुचवलं की तेच प्रचारक आपल्या आवारात आरोग्यसभा घ्यायला तयार आहेत. टेबलं तेवढी लावू द्यायची, विक्रीतला वाटा छपराला मिळेल. कुणी बाईंकडं बघत नव्हतं, पण सगळ्यांचं लक्ष तिकडंच होतं. मला वाटलं, त्या उठून निघून जातील.

त्या उठल्या, पण दाराकडं गेल्या नाहीत. "माझी पोर मला एक इचारून गेली," त्या म्हणाल्या. "त्याचं उत्तर मला अजून सापडलं न्हाय. मी बरोबर केलं का चुकलो, मला ठावं न्हाय. पण माज्या पर्शीत पैसं हुतं, तरी मला तितनं माघारी येणं एवढं जड गेलं. जिच्या पर्शीत नसतील, ती घरी जाऊन लेकराला काय सांगंल? देवाकडं वेळ उरला न्हाय म्हणून? आपल्या दारात कुठल्या आईवर ही येळ आणू नगासा. छप्पर गळूदे."

छप्पर गळलं. दोन पावसाळे आम्ही बाकांमध्ये बादल्या ठेवून उपासना केली. ज्यांनी सुचवलं होतं, ते गृहस्थ रागावून दुसऱ्या देवळात जाऊ लागले. हळूहळू ज्याला जमेल तसं करून छप्पर झालं. बाईंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

त्याच सुमाराला त्यांनी शुभाची खोली उघडली. दर बुधवारी दुपारी दार सताड उघडं असायचं. पाटी नव्हती, कुणाला निरोप नव्हता. घरात दुखणं असलेली माणसं यायची, चटईवर बसायची. बाई त्यांचं ऐकून घ्यायच्या आणि मग त्यांच्यासाठी प्रार्थना करायच्या, अगदी दोन ओळींची, शेजारणीशी बोलल्यासारखी. कोण कुठल्या धर्माचं, त्यांनी कधी विचारलं नाही. काय द्यायचं असं कुणी विचारलं की म्हणायच्या, चहा घ्या आणि जावा. बरं होईल, असं मात्र त्या कुणालाच सांगत नसत. एकीनं फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "ते माज्या हातात असतं तर ही खोली रिकामी नसती झाली."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, आता तरी थोडं हलकं वाटतं का. त्यांनी मान हलवली. "न्हाय गं. ती इचारतीयाच. पण बुधवारी हितं बाकीच्या बी बसलेल्या असत्यात. मग तिला एकटीला इचारायला लागत न्हाय."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. आदल्या संध्याकाळी नातवंडांच्या वयाच्या मुलांना नवीन चाल शिकवली होती, सकाळी उठल्या नाहीत. मयतीला देवळात माणसं मावली नाहीत. अंगणात अशा कितीतरी बाया बसल्या होत्या, ज्यांना आमची गीतं येत नव्हती. त्या नुसत्या बसून राहिल्या. त्या दिवशी दोन कडव्यांच्या मधली शांतता मला पहिल्यांदा ऐकू आली, आणि तिच्यात शुभाचा आवाज होता. तेव्हापासून तो माझ्याकडं आहे.

पुढच्या बुधवारी शाळेत शिकवून आल्यावर मी त्यांचं घर झाडायला गेले. केर काढत होते, तेवढ्यात दारात एक नवरा-बायको उभे राहिले. मुरगूडहून दोन एसटी बदलून आले होते. नवऱ्याचा चेहरा पिवळा पडलेला, बायकोनं त्याला दंडाला धरलेलं. बाई हायत का, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. तिला परत जा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्यांना आत बोलावलं आणि चटई टाकली.

मी आयुष्यभर गात आले, पण मोठ्यानं प्रार्थना कधी केली नव्हती. त्या माणसाचं नाव विचारलं, त्याला कुठं दुखतं ते विचारलं आणि तेच देवाला सांगितलं. त्यापलीकडं काही सुचलं नाही. मग चहा टाकला. दोघं बशीतून हळूहळू प्यायली. निघताना बायको पायरीवर थांबली, नवरा पुढं गेल्याचं बघून माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "एवढ्यानं बरं वाटंल न्हवं त्यास्नी?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण पुढच्या बुधवारी या. मी इथं असेन."