मोहाखालची झाडलेली जागा

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी बॅग भरत होते. "आई, एक रात्र तंबूत राहायचंय हं. घाटंजीकडे, माझ्या ओळखीच्या शेतात."

"तंबूला कडी असते का?" मी विचारलं.

"चेन असते."

चेनवर माझा विश्वास नाही. तीस वर्षांत यांच्या जितक्या पँटी मी शिंप्याकडे नेल्या, त्या बहुतेक चेनपायीच. पण आमच्या एकुलत्या एक मुलीला यवतमाळच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून आठ महिने झाले होते, आणि आईवडील एकदाही फिरकले नव्हते. तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही दोघं सांगलीहून निघालो. 'हे' म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे यजमान. यांचा उजवा कान पूर्ण गेलेला, डाव्यात यंत्र. झोपताना यंत्र काढून डबीत ठेवलं की जगातले सगळे आवाज बंद, त्यात माझाही. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती येते ती मला कधीच आवडलेली नाही.

यवतमाळला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन दुपारचं होतं. मुक्ताच्या खोलीवर एक दिवस पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी एसटीने घाटंजी गाठली, तिथून ऑटोने मारोतीभाऊंचं शेत. मारोतीभाऊ म्हणजे मुक्ताच्या एका विद्यार्थिनीचे वडील. शेतात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून ढीग लावलेले, बाकी सगळीकडे काळी भेगाळलेली माती, आणि शेत संपलं की लगेच जंगल. मध्ये भिंत नाही, कुंपण म्हणजे कमरेएवढ्या काट्या. मी ते अंतर डोळ्यांनी दोनदा मोजलं.

भाऊंच्या घरून आलेला डबा मात्र विसरणार नाही. ज्वारीची भाकरी, पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) आणि वर मूठभर सांबार. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. जेवताना सगळ्यांचीच नाकं वाहत होती, त्यामुळे माझ्या डोळ्यांतलं पाणी भीतीचं आहे हे कोणाला कळलं नाही.

"वयनी, इथंच टाका तंबू," भाऊ गोठ्याजवळची जागा दाखवत म्हणाले. "लाइट हाये, इहीर हाये, कुत्रं हाये."

"आणि वाघ?"

"वाघ तिकडं टिपेश्वरकडं राह्यते. कधी येते तं येते."

"अजून काही?"

"रोही हायेत, डुकरं हायेत. थे आपल्याले काही करत नाईत. आपणच त्याईले करतो." भाऊ हसले. "मी लग्नाले चाललो शेजारच्या गावाले. सकाळी चहा घेऊनच येतो."

ते गेले आणि मी कामाला लागले. गोठ्याजवळ शेण होतं, माश्या होत्या, बकरीच्या लेंड्या होत्या. कुत्रं अंग खाजवत बसलं होतं. माझा सगळा जन्म फरशी पुसण्यात गेलेला. धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडे, जंगलाला लागून, एक भलं मोठं झाड दिसलं. त्याच्याखालची जमीन अशी लख्ख झाडलेली, की पानाचा तुकडा शोधून सापडू नये. आमच्या कामवालीला आणून दाखवावी अशी जागा.

"बघा," मी म्हटलं, "पाहुण्यांसाठीच ठेवलीय कोणीतरी."

मुक्ता म्हणाली, "आई, भाऊंनी इथं सांगितलंय."

"भाऊंना शेणाची सवय आहे."

यांना विचारलं. हे म्हणाले, "तुला पटेल तिथं." तंबू त्या झाडाखाली गेला. दोष कोणाचा हे पुढे विचारायला नको म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

संध्याकाळी पहिली भेट झाली. पऱ्हाटीच्या ढिगापलीकडे एक मोठं काळसर जनावर चरत होतं. "अगंबाई, भाऊंचा बैल सुटला वाटतं," म्हणत मी उरलेली भाकरी हातात घेऊन "ये, ये" करत पुढे गेले. त्याने मान वर केली. तोंड घोड्याचं, शिंगं बोटाएवढी, गळ्याखाली केसांचा झुबका.

"आई, रोही आहे तो! नीलगाय!" मुक्ता मागून ओरडली.

त्याने एका उडीत काट्यांचं कुंपण ओलांडलं. माझ्या बाजूला कुंपण नव्हतं, तरी मीही जवळपास तशीच उडी मारली. भाकरी तिथेच राहिली.

रात्रीबद्दल फार सांगत नाही. बापलेक झोपले. मी 'कधी येते तं येते' एवढंच म्हणत पडून राहिले. यांचं घोरणं जंगलात किती लांब जात असेल याचा अंदाज करत होते आणि दर थोड्या वेळाने यांना कोपराने ढोसत होते.

उजाडायला आलं तसं तंबूवर टप्प झालं. मग पुन्हा टप्प. पाऊस म्हणावा तर थेंब जाड, आणि आत येणारा वास गोड, आंबूस, गूळ सांडल्यासारखा. हे उठले, पाण्याची बाटली घेतली आणि खाली नाल्याच्या दिशेने गेले. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "लवकर या." पाठ काय ऐकणार.

थोड्या वेळाने बाहेर कोणीतरी चहा बशीतून ओरपल्यासारखा आवाज आला. आधी फूऽ, मग सुर्रर्र. मुक्ताने जाळीच्या खिडकीचा पडदा जरासा बाजूला केला आणि माझा हात घट्ट धरला.

दहा पावलांवर अस्वल होतं. काळं, पाठीवर केसांची आयाळ, नखं आमच्या खुरप्याएवढी. जमिनीवर पिवळट पांढऱ्या टपोऱ्या फुलांचा सडा पडला होता. ते फुंकर मारून धूळ उडवायचं आणि फूल ओढून घ्यायचं. घाई नव्हती त्याला कसलीच.

"आई," मुक्ता श्वासाच्या आवाजात म्हणाली, "बाबा."

उशीजवळ यंत्राची डबी होती.

"हाक मारू?"

"ऐकू येणार नाही."

"मग?"

"गप्प बस," मी म्हटलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. हे नाल्यातून वर येणार ते याच वाटेने, खाली बघत, गुणगुणत. अस्वलाला यांची चाहूल लागेल, पण यांना त्याची लागणार नाही. हे येईपर्यंत अस्वलाने खाऊन जावं, एवढंच मी मागत होते. कोणाकडे, ते आठवत नाही.

तेवढ्यात जंगलाच्या बाजूने डबा बडवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एका बाईचा खणखणीत आवाज: "झालं का तुह्यं? पोट फुटन ना बाप्पा, किती खाऊन राह्यलं! निंग आता. माह्यासाठी ठेव थोडं."

मला वाटलं ती सुनेला बोलतेय. अस्वलाने डोकं वर केलं. ओळखीच्या माणसाने उठवावं तसं ते सावकाश वळलं आणि चालू लागलं. नाल्याकडे.

नाल्याच्या काठावर यांची पाठ दिसत होती. वाकून बाटली विसळत होते. अस्वल आणि ती पाठ यांच्यात वीसेक पावलं उरली असतील.

मी चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. उरलेल्या अर्ध्यातून मी कशी निघाले ते माझ्या देहाकडे पाहून कोणाला खरं वाटणार नाही. अनवाणी उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडायचं हे ठरवलेलं नव्हतं, म्हणून तोंडाला रोजचं जे आलं ते.

"अहो! मोटर बंद केली का? दूधवाल्याला सांगितलं का? गॅसचा नंबर लावला का?"

अस्वल थांबलं. वळलं. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. छातीवर पांढरा पट्टा.

"बोल बाई, बोल, थांबू नोको!" ती बाई डबा बडवत ओरडली. "पुढं जाऊ नोको! जागीच बोल!"

मी बोलत राहिले. पाहुण्यांची यादी, लाइटबिल, यांच्या बहिणीने लग्नात दिलेली साडी. मागून मुक्ता नुसतीच "बाबा, बाबा" करत होती. अस्वलाने हवा हुंगली, पुढचे पाय खाली टेकले आणि डावीकडे पळसाच्या झुडपांत शिरलं. झुडपं हलली, मग थांबली.

हे बाटली हलवत वर आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "अगं, चप्पल कुठाय? काटे आहेत इथं."

मी खालीच बसले.

त्या बाईचं नाव भीमाबाई. पलीकडच्या पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची), वय सत्तरीच्या आसपास, काखेत टोपली. तिने आधी तंबूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माह्या झाडाखाली कायले झोपले व तुमी?"

झाड मोहाचं होतं आणि तिच्या घरच्यांचं होतं. फुलं पहाटे गळतात. ती स्वच्छ जागेवर पडावीत म्हणून भीमाबाई रोज दुपारी खालची जमीन झाडून जाते. सकाळी अस्वल येतं, मग ती येते.

"आन एवढा वखत तुमी अंदर चूप होते?"

"भीतीने."

"अवं, मानूस अंदर हाय हे त्याले कसं कळन? थे बी भेते. अचानक दिसलं का अंगावर येते. आमी तं बोलतच येतो. त्याचं पह्यलं, मंग आमचं."

अर्ध्या जमिनीवर आमचा तंबू होता. त्यावरची फुलं घसरून आमच्याच पायांखाली चुरडली होती. "आजची येचनी गेली माह्यी," ती म्हणाली. रागाने नाही, त्यामुळे जास्तच लागलं. आम्ही तंबू काढला आणि तिघंही तिच्याबरोबर वेचायला बसलो. "बाई, तू लय हळू येचते," हे तिने मला ऊन वर येईपर्यंत तीनदा सांगितलं. बोटं चिकट झाली, कंबर धरली. टोपली कशीबशी भरली.

यांनी यंत्र लावल्यावर मुक्ताने सगळं सांगितलं. हे गंभीर झाले. "मग मला हाक का नाही मारली?" म्हणाले. मुक्ताने यंत्राची रिकामी डबी त्यांच्या हातात दिली.

मारोतीभाऊ चहाची किटली घेऊन आले. "वयनी, गोठा पसंत नाई पडला वाटते."

परत सांगलीला येऊन दोन महिने झाले. इथे ही हकिकत हेच सांगतात, आणि दर खेपेला अस्वल त्यांच्या थोडं जवळ येतं. परवा शेजाऱ्यांना सांगताना तर ते यांच्याशी नजरेला नजर भिडवून उभं होतं. मी दुरुस्त करत नाही. त्यांनी जे पाहिलंच नाही ते त्यांचं त्यांना रंगवू दे. मी पाहिलं ते वेगळं होतं: खांद्यावर विरलेला बनियन, वाकलेली पाठ, आणि मधली ती मोकळी जागा.

आता सकाळी हे फिरायला निघाले की मीही चप्पल घालते. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं यांना वाटतं. वाटू दे. मी शेजारून चालते आणि कोपऱ्यावरून परत येईपर्यंत बोलत असते.